वाट ठाऊक असलेलं माणूस

निळ्या रंगाची बटणाची फाइल. आत दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, वय-अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, सीईटीचं स्कोअरकार्ड आणि उकाड्यानं एकमेकांना चिकटलेले पासपोर्ट फोटो. प्रत्येक कागदाच्या पाच-पाच झेरॉक्स. 2024 च्या जूनमध्ये मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सेतू केंद्राबाहेरच्या बाकड्यावर ही फाइल मांडीवर घेऊन बसलेली एक मुलगी मला भेटली. वडील गवंडी. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. मुलीला सीईटीत चांगले पर्सेंटाइल पडले होते आणि तिला पुण्यात इंजिनिअरिंगला जायचं होतं. फाइलीत एकच कागद कमी होता: जात वैधता प्रमाणपत्र.

कॉलेजच्या पहिल्या सत्राची तयारी कशी होते, हे पाहायला मी घराबाहेर पडले होते. शहरातल्या घरांत ती लॅपटॉप आणि बॅगेपासून सुरू होते. या मुलीची तयारी तिच्या आजोबांपासून सुरू झाली होती.

ओबीसी प्रवर्गातून राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा, तर जात पडताळणी समितीपुढे 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा ठेवावा लागतो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख 10 ऑगस्ट 1950, विमुक्त आणि भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961. त्या तारखेआधी घरातलं कोणी शाळेत गेलं असेल, तर शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात नाव आणि जात सापडते. गेलंच नसेल, तर महसुली नोंदी धुंडाळायच्या, आणि मराठवाड्यात त्यातल्या निजामाच्या काळच्या नोंदी उर्दूत. म्हणजे ज्या घरात पिढ्यान् पिढ्या शिक्षण नव्हतं, त्या घरातल्या मुलीला शिकायला जाण्यासाठी सगळ्यात आधी लागतो तो आजोबांच्या शाळेचा कागद. मुलीचे वडील मला म्हणाले, "आमचा बाप शाळेची पायरी चढला नाही. ढोरं राखली त्यानं. त्याचा उतारा कुठून आणायचा?"

उतारा सापडला तो चुलत आजोबांचा. ते दुसरीपर्यंत गेले होते. वडिलांनी तीन दिवस काम बुडवून त्यांच्या गावच्या शाळेत खेटे घातले, तेव्हा एका गुरुजींनी कपाटाच्या तळातून रजिस्टर काढलं. कडा कुरतडलेल्या, शाई तपकिरी झालेली. त्या ओळीची फोटोकॉपी मी पाहिली. नाव, बापाचं नाव, जात, दाखल झाल्याची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण: "गैरहजर". दुसरीत शाळा सुटलेल्या त्या मुलाच्या नोंदीवर त्याच्या पुतण्याची लेक इंजिनिअरिंगचा अर्ज भरत होती. वंशावळ लिहून प्रतिज्ञापत्र झालं, अर्ज गेला, पावती फाइलीत आली. पावतीवर अर्ज भरता येतो. प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही, तर मात्र राखीव जागा हातची जाते. ती टांगती तलवार पुढं कितीतरी दिवस त्या घरावर होती.

सेतूतला संगणक चालवणारा तरुण रोज असे अर्ज पाहतो. त्यानं सांगितलं, सगळ्यात जास्त मुलं अडतात ती एका अक्षरासाठी. आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या गुणपत्रकावर दुसरं. बँकेत खातं आहे, पण ते आधारशी जोडलेलं नाही, म्हणून महाडीबीटीची शिष्यवृत्ती मंजूर होऊनही खात्यात पडत नाही. "मॅडम, हे सगळं अकरावीतच करून ठेवता येतं," तो म्हणाला. "पण अकरावीत यांना कोणी सांगतच नाही."

त्याचं हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. पुढं पाच महिने ज्या-ज्या ठिकाणी गेले, तिथं ते वेगवेगळ्या तोंडून ऐकलं.

दाखल्यासाठी अडणं आपल्याकडं नवं नाही. धोंडो केशव कर्वे कोकणातल्या मुरूडचे. शाळकरी वयात एका सरकारी परीक्षेसाठी घाट चढून, शंभराहून अधिक मैल चालत ते साताऱ्याला पोचले, आणि वय सतरा दिसत नाही म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं गेलं नाही. पुढं हाच मुलगा फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला. ही गोष्ट आपण चिकाटीचं उदाहरण म्हणून मुलांना सांगतो. मला तिच्यातला परतीचा रस्ता आठवत राहतो. तेवढेच मैल, आणि हातात काही नाही.

मुलीला वाट दाखवणारं माणूस भेटलं ते किराणा दुकानात. दुकानदाराच्या मेहुण्याची मुलगी पुण्यात तिसऱ्या वर्षाला होती. त्यानं तिचा नंबर दिला. ही ताई पहिल्या फोनवर अर्धा तास बोलली आणि शेवटी म्हणाली, "एक वही कर. मागच्या पानावर 'विचारायचं' असं लिही. जे कळत नाही ते तिथं टाक. लाजायचं नाही. रोज रात्री मला फोटो पाठव."

ती वही मी पाहिली आहे. पहिल्या पानभर प्रश्न होते. ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजचं नाव पहिलं का ब्रँच पहिली? फ्रीज म्हणजे काय? बेटरमेंट घेतलं तर आधीची सीट जाते का? हॉस्टेलचा फॉर्म वेगळा असतो का? आणि खाली, बारीक अक्षरात: जीन्स लागते का?

पसंतीक्रमाचा हा फॉर्म म्हणजे पहिल्या सत्राचं पहिलं गणित. तिनं नेट कॅफेत बसून भरला, तेव्हा सोबत ताई व्हिडिओ कॉलवर होती. शेजारच्या संगणकावर एक मुलगा एकटाच भरत होता. त्यानं नाव ऐकलेली दहा कॉलेजं टाकली आणि तो उठला. त्याचे गुण त्या दहांपैकी एकाही ठिकाणी बसणारे नव्हते, आणि मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असतात हे त्याला ठाऊक नव्हतं. 2025 मध्ये नियम आणखी कडक झाले. प्रवेशाच्या चार फेऱ्या, आणि पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यायचाच. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी काही मिळालं तरी तसंच. जागा अडवून ठेवण्याला आळा बसावा म्हणून हे केलं, आणि ते योग्यही असेल. पण ज्याला कोणी समजावून सांगितलेलं नाही, त्याची एक चूक आता जास्त महाग पडते.

जुलैत घरात एक चांगली बातमी आली. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळाली. आधी ती निम्मी होती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. मी हा निर्णय मनापासून मोठा मानते. त्या घरातलं बोलणं एका दिवसात बदललेलं मी पाहिलं. "पाठवायचं का" हा प्रश्न जाऊन "राहील कुठं" हा आला.

आणि हा दुसरा प्रश्न काही साधा नव्हता. सवलतीत राहणं, जेवण, प्रवास, साहित्य येत नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्याला पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपये मिळतात: भोजनाला 32,000, निवासाला 20,000, निर्वाहाला 8,000. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसी-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, तीही जिल्ह्यागणिक ठरावीक संख्येची. योजना चांगल्या आहेत. पण पैसे येतात प्रवेश झाल्यावर, हजेरी भरल्यावर, छाननी झाल्यावर. खोलीचं डिपॉझिट मात्र पहिल्या दिवशी मोजावं लागतं. या मधल्या महिन्यांची सोय गावात कशी होते, हे कोणत्याही निर्णयात लिहिलेलं नसतं. इथं ती झाली आईच्या गळ्यातली बोरमाळ गहाण ठेवून.

ऑगस्ट सरता सरता दुसऱ्या फेरीत जागा मिळाली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलगी आणि वडील रात्रीच्या एसटीनं निघाले. सामानात एक पत्र्याची पेटी, एक बॅग, सतरंजीत गुंडाळलेली गोधडी, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी, आणि धपाटे, "दोन दिवस तरी मेसचं खावं लागू नये" म्हणून. गाडीच्या पाटीवर "शिवाजीनगर" होतं. पण शिवाजीनगरचं जुनं स्थानक मेट्रोच्या कामासाठी 2019 च्या अखेरीस वाकडेवाडीला हललं, आणि गाडी तिथंच थांबते. पहाटे साडेचारला वडील कंडक्टरला विचारत होते, "शिवाजीनगर कवा यायचं?" गाडी रिकामी झाली होती. ताई खाली उभी होती. तिला हे ठाऊक होतं, म्हणून ती आधीच वाकडेवाडीला आली होती.

7 सप्टेंबरला गणपती बसायचे होते. मांडव उभे राहिलेले, रस्ते वळवलेले. कॉलेजच्या वसतिगृहाची यादी लागायला वेळ होता, तोवर सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा पाहिली. एका खोलीत चार कॉट, चार कपाटं, एक खिडकी. प्रत्येक कॉटखाली एक आयुष्य सरकवून ठेवलेलं. वडिलांनी खोलीत शिरल्या-शिरल्या भिंतीवर हात फिरवला आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातली ओल दाखवली. "पेटी या अंगाला ठेवू नको. पुस्तकं भिजतील." मग ते जिन्यात जाऊन बसले. परतीची गाडी दुपारची होती, पण ते अकरालाच निघाले. दुसऱ्या दिवशी स्लॅबचं काम होतं.

पुण्यात गरीब मुलानं शिकायला येणं जुनं आहे. एके काळी मुलं वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. माधुकरी मागून शिकलेल्यांच्या आठवणींनी मराठी आत्मचरित्रं भरलेली आहेत. पण ते दार सगळ्यांसाठी उघडत नव्हतं, आणि ज्यांच्यासाठी उघडत नव्हतं त्यांच्यासाठी काय करायचं, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखलं. कोल्हापुरात 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, मग एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातीधर्मांच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं बोर्डिंग काढलं. पुण्यात डॉ. अच्युत आपटे यांनी 1955 मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. या माणसांनी शाळेइतकंच निजायच्या जागेला आणि जेवणाला महत्त्व दिलं. का दिलं, हे मला त्या कॉटवर बसल्यावर नीट कळलं. वसतिगृहात जेवण मिळतंच, पण शेजारच्या खाटेवर एक वर्ष आधी आलेलं कोणीतरी असतं. कोणते सर कडक, कोणतं पुस्तक जुनं चालेल, जर्नल कधी तपासून घ्यायचं, शिष्यवृत्तीचा अर्ज कधी उघडतो, हे सगळं तिथं रात्रीच्या जेवणात आपोआप कळतं. खात्यात जमा होणाऱ्या रकमेकडून ते कळत नाही. राज्यानं वसतिगृहांऐवजी भत्त्यांकडं झुकणं हे मला म्हणूनच अपुरं वाटतं. पैसे द्याच, पण खाटाही वाढवा.

वर्ग सुरू झाले, तेव्हा मुलीपुढं पहिली अडचण भाषेची आली, पण मला वाटली होती तशी नाही. आपल्याकडं विज्ञान शाखेत अकरावी-बारावीचं पुस्तक इंग्रजीत असतं आणि गावाकडं शिकवणं मराठीत. त्यामुळं तिला इंग्रजी वाचता येत होतं. पुण्यात वर्गात सर इंग्रजीत बोलत, शंका सांगताना हिंदीत, आणि मैत्रिणी आपसात हिंदीत. "मला सगळे शब्द माहीत होते," ती म्हणाली, "पण ते कधी ऐकले नव्हते." डेरिव्हेटिव्ह हा शब्द तिनं शेकडो वेळा लिहिला होता. सरांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला वाटलं, नवीन धडा सुरू झाला. पहिले पंधरा दिवस ती एकही प्रश्न विचारू शकली नाही. वहीचं मागचं पान मात्र भरत होतं.

तंत्रशिक्षण मातृभाषेत द्यायला एआयसीटीईनं 2021-22 पासून परवानगी दिली, आणि पिंपरी-चिंचवडमधल्या एका महाविद्यालयानं संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरूही केली. पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीत आली आहेत. मुलीला मी विचारलं, तू तिकडं का नाही टाकलास पर्याय? "नोकरीला अडचण येईल म्हणाले सगळे." सगळे म्हणजे कोण, ते तिला सांगता आलं नाही. पण तिनं ती मराठी पुस्तकं मोबाइलवर उतरवून घेतली होती. इंग्रजी पुस्तक समोर, मराठी मोबाइलवर. मला यात कमीपणा काही दिसत नाही. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक वर्गात हे दोन्ही एकत्र ठेवायला हवं.

पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकांशी बोलले. वीस वर्षं त्या गणित शिकवतात. पहिल्या सत्रात मुलं नापास का होतात, यावर त्यांचं उत्तर सरळ होतं. बारावीपर्यंत क्लासवाले रोज सांगतात, आज हे करा, उद्या ते. इथं कोणी सांगत नाही. क्रेडिटची पद्धत आली, एका क्रेडिटला पंधरा तास तासिका. प्रात्यक्षिक असेल तर तीस. वर्षभर साठवून शेवटी वाचायची सोय राहिली नाही. दर आठवड्याला काही ना काही द्यावं लागतं. "हुशार मूल मागं पडतं ते पाचव्या-सहाव्या आठवड्यात," त्या म्हणाल्या. "दोन असाइनमेंट राहतात, मग ते लाजून तिसऱ्या तासाला येतच नाही. एकदा येऊन 'राहिलंय' म्हणालं, तरी मार्ग निघतो." आणि फेऱ्या लांबल्या की शेवटच्या फेरीतली मुलं इंडक्शन आणि सुरुवातीचे तास संपल्यावर येतात. त्यांच्यासाठी पाचवा आठवडा दुसऱ्याच आठवड्यात उजाडतो.

मुलीचं अडलं ते इंजिनिअरिंग ग्राफिक्सला. ताईचा जुना मिनी ड्राफ्टर तिला मिळाला होता, म्हणजे ते पैसे वाचले. बोर्ड खोलीत मावत नव्हता, म्हणून कॉटवर आडवा ठेवून ती जमिनीवर गुडघे टेकून काढायची. 2 एचची पेन्सिल, टोक घासायला पॉलिश पेपरचा तुकडा. रेघा स्वच्छ यायच्या. पण एखादी वस्तू समोरून, वरून आणि बाजूनं कशी दिसेल, हे काही डोळ्यांपुढं येत नव्हतं. पहिल्या चाचणीत वीसपैकी चार. त्या रात्री तिनं ताईला फोटो पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी ताई स्वतःच खोलीवर आली, साबणाची वडी घेऊन, आणि चाकूनं ती वडी कापून चित्रातला आकार करून दाखवला. समोरून बघ. आता वरून बघ. वडी हातात फिरवत दोघी मध्यरात्रीपर्यंत बसल्या होत्या. सकाळी त्याच वडीनं अंघोळ केली, असं मुलगी हसत म्हणाली.

ऑक्टोबरच्या शेवटी दिवाळीला ती घरी आली. सुट्टी थोडी, आणि सबमिशन डोक्यावर, म्हणून चार शीट्स सोबत आणलेल्या. मी तिच्या घरी पोचले, तेव्हा आई कडबोळी तळत होती. वैधता प्रमाणपत्र आलं होतं. देवळीत, लक्ष्मीच्या फोटोमागं, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं. ओसरीवर मुलगी शीट पसरून पालथी पडून काम करत होती. एका पायरीदार ठोकळ्याची तीन चित्रं.

वडील कामावरून आले. पाय धुऊन ओसरीवर टेकले. शीटकडं बराच वेळ पाहत राहिले.

"हे समोरून दिसतंय व्हय?" त्यांनी वरच्या चित्रावर बोट ठेवलं.

"हो अण्णा."

"आन् हे वरून."

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"मंग खाली कशाला काढलंय? वरून दिसतंय तर वर काढायला पायजे."

मुलगी उठून बसली. हा प्रश्न तिच्या वर्गात कोणी विचारला नव्हता. तिनं सांगायचा प्रयत्न केला, अण्णा, याला फर्स्ट अँगल म्हणतात, वस्तूच्या मागं भिंत धरायची आणि खाली जमीन, आपण समोरून बघितलं की ते मागच्या भिंतीवर उमटतं आणि वरून बघितलं की खालच्या जमिनीवर. सांगता सांगता ती मध्येच थांबली आणि शीटकडं बघू लागली.

वडिलांनी पिशवीतून गुण्या काढला, सिमेंट लागलेला, लोखंडी. शीटच्या कोपऱ्याला लावून पाहिला. "कोन बरोबर हाय," म्हणाले. मग बोट फिरवत ठोकळ्याच्या पायऱ्या मोजल्या, बाजूच्या चित्रात त्या पुन्हा मोजल्या, आणि एका ठिकाणी बोट थांबलं.

"ही पायरी इकडं तीन दिसायली, इकडं दोन. एक खाल्लीस."

मुलीनं खोडरबर घेतलं.